बडागावच्या अलीकडचं वळण

॥ श्री ॥
प्रेम नगर, झाशी
४ एप्रिल २००६

तीर्थस्वरूप यज्ञेश्वर भावजी,

नमस्कार लिहिते आहे. तो घ्यायचा की परत धाडायचा, तुमच्या मर्जीवर. चौदा वर्षं होत आली, मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते ती कामापुरती, हे तुम्ही पाकीट पाहूनच ओळखाल. बडोद्याचा पत्ता तुमच्या लेकीच्या, शकुंतलेच्या, लग्नपत्रिकेवरून घेतला. पत्रिकेवर तुमच्या बंधूंचं एकट्याचं नाव होतं, पुढे 'सहकुटुंब' नव्हतं. मी ती तरीही जपून ठेवली होती.

काम असं. कानपूर रस्ता चौपदरी होतो आहे. इकडे लहानथोर सगळे 'फोर लेन, फोर लेन' करतात. आपलं बडागावच्या अलीकडचं शेत, त्यातली विहीर आणि विहिरीपुढची पाणपोई, तिन्ही नव्या रस्त्याच्या रेषेत आली. जुना रस्ता आपल्या विहिरीला वळसा घालून जातो, नवा घालणार नाही. लेखपाल, म्हणजे इकडचा तलाठी, चुन्याच्या रेघा मारून गेला. एक रेघ विहिरीच्या काठावरून गेली आहे, दुसरी थेट रांजणांच्या मधून.

शेताचं मला काही वाटत नाही. सरकारचा जमिनीचा मुआवजा येईल, त्यातला तुमचा वाटा तुमच्या नावावर जाईल, तुमचे बंधू त्यात चोख आहेत. पाणपोईचं वाटतं. ती तुम्ही पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यावर मी सुरू केली, मधूच्या नावानं. मी या घरात आले तेव्हा मधू सहा वर्षांचा होता. तुम्हा दोघा भावांना तो धाकटा भाऊ, मला तो दीर कधी वाटलाच नाही. हात धुऊन माझ्या पदराला पुसायचा. आणि त्याच वळणावर त्याची स्कूटर... असो. दर अक्षय तृतीयेला तिथे त्याच्या नावचा उदककुंभ देते आणि होळीपासून पावसाळ्यापर्यंत रांजण भरलेले ठेवते. गावातले हल्के कक्का पाणी पाजायला बसतात. उन्हातान्हात ट्रकवाले, सायकलवाले, टहरौली-समथरकडचे मजूर, सगळे थांबतात.

आता मुद्दा. विहिरीच्या अंगाला, कडुनिंबाखाली, आपला मारुती आहे. वीतभर उंच, शेंदरी. तुम्हाला आठवत असेल. तिथे गवत फार वाढायचं, म्हणून लहानपणी लक्षात आला नसेल. पण नीट आठवून पाहिलंत तर आठवेल.

रस्त्याचा इंजिनियर दक्षिणेकडचा आहे, वयानं आपल्या शकुंतलेएवढा. मारुती पाहून त्यानं बूट काढले, हात जोडले. म्हणाला, "माताजी, पुराना भगवान है तो मैं नक्शा ऊपर भेजता हूँ, शायद मोड़ ऐसा ही रह जाए. पर कागज़ चाहिए." घराण्यातल्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र हवं, की हे दैवत पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे. तुमच्याहून वडील आता कोणी उरलं नाही. आणि तुमच्या शब्दाला वजन आहे. हे मी लिहावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे.

मसुदा सोबत जोडला आहे. सही करायची तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.

घरी ठीक. तुमचे बंधू रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दिवसातून तीनदा वर्तमानपत्र वाचतात. माझे हात दुखतात, म्हणून वाटण हल्ली मिक्सरवर करते.

अंबिका

—

प्रेम नगर, झाशी
२ मे २००६

ती. भावजी,

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते. काल तो म्हणाला, "माताजी, मनीऑर्डर आने वाली है क्या?"

परवा अक्षय तृतीया झाली. मातीचे घट, त्यात वाळा, वर टरबूज, सगळं नेलं. पाणपोईशी पोचले तर माझ्याआधी तिथे गर्दी. मारुतीला कोणी लाल झेंडा लावला आहे, कोणी पितळी घंटा टांगली आहे. ट्रकवाले वेग कमी करून खिडकीतून नाणं टाकतात. पूर्वी पाण्याला थांबायचे, आता देवाला थांबतात. एका बाईनं माझ्या पायांना हात लावला, म्हणाली, "जेई हैं वे, जिनके पुरखन ने हनुमान जू बिठाए." मी पाय मागे घेतले.

लेखपाल पुन्हा आला होता. टपरीवर चहा पीत मोठ्यानं म्हणाला, "बाई साब, हमाए बाप भी लेखपाल हते. उनके नक्शा में कुआँ है, नीम है, हनुमान जू नईंयाँ." मी म्हटलं, नकाशात देव कोण दाखवतो? लोक हसले. माझ्या बाजूनं हसले. तो चहा अर्धा टाकून निघून गेला. मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल.

भावजी, तुम्ही का लिहीत नाही हे मला कळतं. आईंच्या तेराव्याला मी तुम्हाला जे बोलले, ते सगळ्या गोतासमोर बोलले. पण हे काम माझं नाही, मधूचं आहे. त्याचं झाशीत आता दुसरं काय उरलंय? ओसरीवरचा एक फोटो आणि ती पाणपोई. लेखपालानं रांजणांमधून चुना ओढला तेव्हा मला वाटलं, पोराच्या अंगावरून रेघ मारली.

सही करा. मारुती आठवत नसला, तर मधू आठवा.

तुमचे बंधू याबाबत चकार शब्द काढत नाहीत. माजघरात पाटा भिंतीला टेकून उभा असतो, त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि वर्तमानपत्र उघडतात.

अंबिका

—

प्रेम नगर, झाशी
३० ऑगस्ट २००६

ती. भावजी,

शपथपत्र आलं नाही ते नाहीच. तरी नकाशा वर गेलेला आहे, तो खाली उतरत नाही, म्हणून काम आपल्या वळणापाशी अडलं आहे. दोन्ही बाजूंनी रस्ता येऊन थांबलाय. तुम्ही पाहाल तर ओळखणार नाही. झाशीकडून काळा कुळकुळीत, रुंद, मधे दुभाजक, त्यात कण्हेरीची रोपं. आणि एकाएकी ड्रम, लाल फडकं, 'धीरे चलें' अशी पाटी. मग आपलं जुनं अरुंद वळण, आणि वळण संपलं की पुन्हा रुंद रस्ता. गाड्या तिथवर बाणासारख्या येतात आणि विहिरीपाशी करकचून ब्रेक मारतात. मी एक दिवस तासभर उभी राहिले. सतरा वेळा डोळे मिटले.

इंजिनियर भेटला. बिचारा वाळला आहे. म्हणाला, "माताजी, कंपनी पूछती है, मैं बोलता हूँ भगवान है." त्याची आई तिकडे दर शनिवारी त्याच्या नावानं मारुतीला विड्याच्या पानांची माळ घालते म्हणे. मला विचारलं, "यहाँ कौन सा दिन चलता है, शनिवार या मंगल?" मी म्हटलं, मंगळ. त्यानं खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. त्या डायरीकडे मला बघवेना.

गणपती झाले. आपल्याकडे दीड दिवसाचा. उत्तरपूजेला तुमचे बंधू अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, तुम्ही करायचात तसंच, पण तुमच्यासारखं त्यांना जमत नाही. तुमचा हात लागला की देव उठला असं वाटायचं. यंदा ते मूर्ती हलवत होते आणि मी तबक खाली ठेवून माजघरात गेले. मातीतून घडवावा, प्राण घालावे, दीड दिवस लाड करावे आणि 'पुन्हा या' म्हणून पोचवावा, हे आपल्याला लहानपणापासून किती सोपं वाटतं! पण बसवताना जर मंत्रच म्हटले नसतील, मनात दुसराच हेतू असेल, तर बसतो कोण? आणि मग उठवायचा कोणाला?

तुम्हाला भिक्षुकीतलं कळतं म्हणून विचारते. सहज विचारते.

दूध उतू चाललंय. पुरं करते.

अंबिका

—

प्रेम नगर, झाशी
१७ डिसेंबर २००६

भावजी,

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास एक ट्रक मारुतीला नाणं टाकायला थांबला. नुसता हळू झाला नाही, थांबला; क्लीनर उतरून पाया पडला. मागून गिट्टीचा डंपर येत होता. नव्या रस्त्याच्या वेगात होता, त्याला वळण दिसलं तेव्हा ट्रकही दिसला. त्यानं डावीकडे घातला. डावीकडे पाणपोई.

मोसम संपला की हल्के कक्का बसत नसत, पण देवाकडे माणसं येतात म्हणून हिवाळ्यातही एक माठ भरून बसायला लागले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

मी दवाखान्यात कक्कांना भेटायला गेले. मला पाहून उठायला लागले. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "रोओ नईं बाई. हनुमान जू ने बचा लओ. मौत प्रान लेबे आई हती, टाँगई लै कें चली गई." त्यांची सून मारुतीचा अंगारा त्यांच्या कपाळाला लावत होती. मी तिथे उभी राहू शकले नाही.

आता ऐका. तुम्ही हे जाणता, म्हणूनच तुम्ही सही केली नाहीत. तरी मी लिहिते.

तिथे मारुती कधीच नव्हता. तो आपला वरवंटा आहे. आईंचा, माजघरातल्या पाट्याचा. एका टोकाचा टवका उडालेला, लहानपणी मधूनं अंगणात आपटून उडवलेला. मधूच्या बारशाला याच वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून, गोप्या करून, पाळण्याखालून-वरून फिरवला होता, असं आईच सांगायच्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तोच. चुना पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सातच्या टेम्पोनं गेले, पिशवीत तळाला वरवंटा, वर मेथीच्या जुड्या. टवक्याचं टोक जमिनीत पुरलं, शेंदूर थापला, डोळे लावले. मंत्र म्हटला नाही, तेवढी भीती होती. हल्के कक्का आठ वाजता आले. मी म्हटलं, कक्का, गवतात होते, मी साफ केलं. ते "हओ बाई" म्हणाले आणि नमस्कार करून माठ विसळायला लागले.

माझी हिशेबाची वही तुम्हाला ठाऊक आहे. त्या तारखेला तिथे लिहिलेलं आहे: शेंदूर, तिळाचं तेल, चांदीचे डोळे एक जोड. वही मी आजवर खोटी लिहिली नाही. तोंडानंच खोटं बोलले. लेखपालाशी, बूट काढणाऱ्या त्या पोराशी, तुमच्याशी.

ज्या वळणानं मधूला नेलं, ते वळण सरकार सरळ करत होतं. ते मी राखलं. मधूच्या नावानं राखलं. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? तासभर तिथे उभी राहून मी ब्रेक मोजले, तरी नाही आलं.

आणि तेराव्याचं. ते आज मला पुरतं लिहू द्या. आईंचा शेवटचा दिवस. मधू गाडीनं येणार होता. गाडी लेट म्हणून उरईहून स्कूटरनं निघाला. दुपारी निरोप आला की वळणावर संपलं. आई आत जाग्या होत्या, 'मधू आला का' विचारत होत्या. तुम्ही त्यांच्या उशाशी बसून शांतपणे म्हणालात, "मधू स्टेशनावर उतरला आई, तांग्यात बसला." मी दारात होते. तासाभरात त्या गेल्या. तेराव्याला तुम्ही नैवेद्याचं ताट उचललंत, आणि मी म्हटलं, "मरणाऱ्या आईशी खोटं बोलणाऱ्याच्या हातचा नैवेद्य देव घेत नाही." तुम्ही ताट खाली ठेवलंत. पुन्हा या घरातल्या देवाला हात लावला नाहीत, आणि महिन्याभरात झाशी सोडलीत.

आज त्या वाक्यातून मला सुटका नाही. देवापुढे बसते तर माझंच वाक्य समोर बसलेलं असतं. तीन दिवस नैवेद्य तुमच्या बंधूंना दाखवायला लावते. ते विचारत नाहीत.

सही नको. शिव्या द्या, पण दोन ओळी लिहा.

अंबिका

—

प्रेम नगर, झाशी
११ जानेवारी २००७

ती. भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. पाच ओळी. इतक्यांदा वाचलं की कडा मऊ झाल्या. तुमचंच तुम्हाला परत लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही कळेल:

'शपथपत्र वाचूनच ओळखलं होतं. तिथे मारुती नव्हता. ज्यानं बसवला त्यानं उठवावा. उत्तरपूजेला अधिकार लागतो तो एवढाच. आई दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हती, मधू आल्याखेरीज नको म्हणायची. स्टेशनावर उतरला म्हटल्यावर माझ्या हातून पेलाभर पाणी प्यायली. तू दारातून गेली होतीस. हे सांगायचं राहिलं. यज्ञेश्वर.'

राहिलं! चौदा वर्षं राहिलं? त्या वेळी तेराव्याच्या पंगतीत का नाही बोललात? मी कोण, बाहेरून आलेली, तुम्ही मला गप्प करू शकला असतात. कार्ड वाचून मी आधी रागावले, हे खरं सांगते. मग पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

पुढचं ऐका. तुमच्या आज्ञेप्रमाणे मी पंधरा दिवसांपूर्वी उठवायला गेले. अक्षता, दहीपोहे, सगळं घेऊन. इंजिनियरला आधीच भेटले. त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ हेल्मेट हातात फिरवत होता. म्हणाला, "माताजी, मैंने माँ को फोन पर बोला था, यहाँ हनुमानजी मेरा रक्षा करता है." एवढंच. मला वाटलं, पोरानं थोबाडीत मारली असती तर बरं.

मग गावकऱ्यांपुढे उभी राहिले. हात जोडून म्हटलं, हा देव नाही, आमच्या स्वयंपाकघरातला मसाला वाटायचा लोढा आहे, मी बसवला, मी पापी. कोणी मानेना! एक म्हातारी म्हणाली, "सदमा लगो है बाई खों, हल्के को पाँव देख कें." दुसरा म्हणाला, "कंपनी ने दबाओ हुइये." आणि सरपंच तर हसायलाच लागला: "अरे बाई साब, आपने बिठाए सो का भओ? कोऊ तो बिठातई है. अब तो बैठ गए." मी वाकून दगडाला हात घातला तर चार बायांनी माझे दंड धरले. प्रेमानंच धरले.

खोटं बोलले तेव्हा एका शब्दात पटलं. खरं सांगते तर कोणी ऐकत नाही. ड्रम तसेच आहेत, लाल फडकं तसंच आहे, गाड्या येतच आहेत. संक्रांतीचे तीळ निवडायला बसते आणि दर तिळाला कानात ब्रेक वाजतो. उद्या दुसऱ्या कोणाचा पाय, परवा कोणाचा मधू. काय करू सांगा.

अंबिका

—

प्रेम नगर, झाशी
२१ एप्रिल २००७

ती. भावजी,

देव उठला.

कसा ते सांगते, आणि शेवटपर्यंत वाचल्याखेरीज मला काही म्हणू नका.

हल्के कक्का महाशिवरात्रीच्या सुमाराला कुबडी घेऊन हिंडू लागले. मी त्यांच्या घरी गेले. सून पाण्याला गेली होती, दोघंच होतो. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पिशवी, मेथीच्या जुड्या, वरवंटा. ते बिडी पेटवत होते. काडी विझवून म्हणाले, "बाई, तेरा बरस सें ओई नीम तरें बैठत हों. साँझ खों हते नईं, भोर में हनुमान जू आ गए, बे भी तेल सें चुचुआत. हम का आँधरे हैं?"

भावजी, मी तुम्हाला वर्षभर पत्रं लिहीत होते ती हेच धरून, की तिथे देव नव्हता हे जाणणारे तुम्हीच एक उरलात. आणि जो माणूस रोज त्या जागेवर बसत होता, त्याची मी गणतीच केली नव्हती. मी मान खाली घालून विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बड़े घर की हो, मोड़ा मधू के नाँव को पानी पियात हो. सोची, कछू सोच कें करी हुइये."

आणि दवाखान्यात? हनुमान जू ने बचा लओ म्हणालात ते?

"आप रोन लगीं हतीं," ते म्हणाले. "और का कैते?"

मी तिथेच पदर तोंडाला लावून बसले. त्यांनीच सुनेच्या हंड्यातलं पाणी मला दिलं. मी ते घेतलं. आपल्या घरातलं सोवळं तुम्हाला ठाऊक आहे, पण घेतलं.

गुढीपाडव्यानंतरच्या मंगळवारी ते कुबडी टेकत वळणावर आले. मी अक्षता, दही, फुलं घेऊन उभी होते. इंजिनियर लांब उभा होता, बूट हातात. गाव जमलं. कक्का नीमाखाली उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हनुमान जू हमाए सपने में आए. बोले, हल्के, इतै धूरा बौत उड़त है, गाड़ियन को हल्ला बौत है. दक्खिनी बाई सें कओ, हमें अपने घरै लुआ जाएँ." मग कुबडी वर करून म्हणाले, "जौन खों झूठ लगे, बो अपनो पाँव दै कें पूछ आए."

सरपंचानं टोपी काढली. मला धरणाऱ्या त्याच बायांनी वाट करून दिली, एकीनं तर गाणं म्हणायला सुरुवात केली.

आणि मी? मला ठाऊक होतं की स्वप्न नाही, काही नाही. तोंड उघडलं असतं तर खरं बोलले असते, आणि वळण राहिलं असतं. मी गप्प उभी राहिले. भावजी, चौदा वर्षांपूर्वी तेराव्याला मी असंच गप्प राहायला हवं होतं. ते मी त्या दिवशी नीमाखाली राहिले. माझी माफी म्हणायची तर तीच, दुसरी मला मागता येत नाही.

मग अक्षता वाहिल्या. बसवताना मंत्र नव्हता, उठवायचा तुमच्या कार्डाच्या मागे लिहून घेतला होता, तुमच्या बंधूंकडून. वाचला. दोन्ही हातांनी दगड हलवला. तो सहज हलला हो, मातीत चार बोटंच तर होता. पोटाशी धरून टेम्पोत बसले. बाया ढोलक वाजवत फर्लांगभर मागे आल्या.

विहीर चैत्रात बुजवली. आधी पूजा केली, मग डंपरनं मुरूम ओतला. पहिल्या दोन-तीन खेपांना पाणी वर येऊ पाहत होतं. मग दिसेनासं झालं. त्या जागेवरून आता रस्ता सरळ गेला आहे. इंजिनियरनं बडागावच्या फाट्यावर, बस थांबते तिथे, एक हातपंप लावून दिला, शेजारी छपरी घातली. हल्के कक्का तिथे बसतात. हायवेवरचे ट्रक आता थांबत नाहीत, कोणालाच थांबायला सवड नाही. बसची माणसं पितात. परवा अक्षय तृतीयेला मधूचा घट तिथेच दिला. मनातून अजून त्या जुन्या जागेकडे ओढ जाते, पण तिथे उभं राहिलं तर वारा ढकलून देतो.

शेंदूर तेलानं, मग बेसनानं काढला. डोळे काढून देवघरात ठेवले आहेत. टवका तसाच आहे. तृतीयेला हात दुखत होते तरी मिक्सर लावला नाही, चैत्रगौरीची आंबेडाळ पाट्यावर वाटली. तुमचे बंधू वर्तमानपत्र बाजूला ठेवून वाटण्याचा आवाज ऐकत बसले. मग म्हणाले, "कैरी जरा जास्त घाल." वर्षभरात या विषयावर ते एवढंच बोलले.

आता माझं मागणं. आई आणि मधू, दोघांची तिथी एकच, वैशाख वद्य पंचमी. पंधरा-सोळा दिवस राहिलेत. रांधणार मी. नैवेद्य तुम्ही दाखवायचा. तुमच्या हातचा देव घेतो की नाही हे मी ठरवणारी कोणी नव्हते. आणि घेत नसेल, तर त्या दिवशी या घरात कोणाच्याच हातचा घेणार नाही.

बडोद्याहून साबरमती एक्स्प्रेस थेट झाशीला येते. तुमचे बंधू स्टेशनावर उभे राहतील. मी दारात असेन. स्वयंपाक झाल्यावर मी काही तोंडात घालणार नाही, पाणीसुद्धा नाही. ते फोन करून म्हणाले, 'यज्ञेश्वर स्टेशनावर उतरला,' की पिईन.

या वेळी ते खरं असू द्या.

तुमची भावजय
अंबिका